दिवाळीनंतर इंदूरात लॉनचं बी टाकायचं का? 'फॉल सीडिंग'बद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: बिजलपूरच्या बाजूला नवीन घर, पुढे साधारण हजार स्क्वेअर फूट मोकळी जागा, काळी माती, एका कोपऱ्यात जुना आंबा. मुलगा न्यू जर्सीला. त्याने सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वतःच्या लॉनवर एरिएटर (जमिनीत भोकं पाडायचं मशीन) फिरवून बी टाकलं आणि बाबांना फोनवर सांगितलं की गवताला फॉल, म्हणजे तिकडचा पानगळीचा काळ, हाच बेस्ट सीझन, दिवाळीला येताना तुमच्यासाठी टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास या गवतांच्या बियांची बॅग आणतो, आल्या आल्या टाकून टाकू. काका विचारतायत हे इथे चालेल का, आणि जाता जाता हेही, की मुलाच्या लॉनमध्ये मधेमधे टक्कल राहिलंय, त्याने अजून बी टाकावं का.

तर काका, मुलगा तिथे करतोय ते बरोबरच आहे. तेच बी तुम्ही इथे नोव्हेंबरात टाकलंत तर उगवेलही, जानेवारीत असं काही हिरवंगार दिसेल की शेजारी येऊन फोटो काढतील, आणि मे महिन्यात तिथे वाळलेली काडी उरेल. बॅग आणू नको म्हणावं. शिवाय बाहेरच्या देशातून बियाणं आणायला इम्पोर्ट परमिट आणि तिथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं, २००३ चा प्लांट क्वारंटाइनचा आदेश आहे तसा, सामानात कपड्यांखाली टाकून आणायची वस्तू नाही ती.

मी इंदूरातच बागा आणि लॉनची कामं करते आणि सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हा प्रश्न येतोच, कारण व्हिडिओ सगळे तिथले आणि मुलंही बरीचशी तिथे. व्हिडिओतला माणूस खोटं सांगत नसतो, फक्त तो त्याच्या गवताबद्दल बोलत असतो.

आपण गवत म्हणजे एकच गोष्ट धरून चालतो तिथे घोटाळा होतो. माळव्यातल्या माणसाला हे शेतीवरून लगेच कळेल. गहू कधी पेरतो आपण? सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, सकाळी गारवा जाणवायला लागला की, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. आणि ज्वारी-मका? पाऊस लागला की. जूनमध्ये गहू पेरायला निघालेल्याला गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. आता लॉनची गवतंही याच दोन घराण्यांतली आहेत, हे मी समजावण्यासाठी नाही म्हणत, वनस्पतिशास्त्राप्रमाणे खरोखरच तसं आहे. केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास ही गव्हाची भावकी, थंड हवेची गवतं. आपली हरळी, जिला नर्सरीवाले बर्म्युडा किंवा दूब म्हणतात, आणि ते कोरियन-मेक्सिकन कार्पेट, ही गरम हवेची, ज्वारी-मक्यासारखी. पहिल्यांना सी-थ्री म्हणतात, दुसऱ्यांना सी-फोर. हवा तीस डिग्रीच्या वर गेली की सी-थ्री गवत उन्हात जे कमावतं त्यातलं बरंचसं तिथल्या तिथे वाया घालवतं, मुळं आखडतात, आणि आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर जातं. सी-फोरची आतली यंत्रणाच गरमीसाठी बनलेली, त्याला उलट थंडी सोसत नाही, माती पंधरा डिग्रीच्या खाली जायला लागली की वाढ मंदावते आणि दहाच्या आसपास ते जवळजवळ झोपतं.

म्हणजे अमेरिकेतलं फॉल सीडिंग म्हणजे त्यांची रब्बीची पेरणी आहे. आपल्या हरळीची पेरणी खरीप. एवढं डोक्यात बसलं की पुढचं अर्धं आपोआप सुटतं.

आधी मुलाचं बघू, त्याचं काम घाईचं आहे, सप्टेंबर संपत आलाय. न्यू जर्सीत बी टाकायची चांगली मुदत ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, दक्षिण भागात थोडी पुढे. कारण त्या दिवसांत मातीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि वरची हवा थंड झालेली असते. थंड गवताच्या बीला मातीचं तापमान दहा ते अठरा डिग्री हवं, त्याच्या भाषेत पन्नास ते पासष्ट फॅरनहाइट. ऊब असल्याने बी पटकन फुटतं, हवा थंड असल्याने कोवळं पान करपत नाही, सकाळी दव असतं, पाणी कमी लागतं. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे त्या गवताला पहिला उन्हाळा बघायच्या आधी एक अख्खा फॉल आणि एक अख्खा स्प्रिंग मिळतो मुळं खाली उतरवायला. तेच एप्रिलमध्ये टाकलं तर अडीच-तीन महिन्यांत जुलै येतो, मूळ दोन इंचावर, आणि मग पाण्याच्या पाइपवरच जगवायचं.

दुसरं कारण तण. तिथे क्रॅबग्रास नावाचं उन्हाळी तण फार छळतं. ते स्प्रिंगमध्ये माती तेरा डिग्रीच्या आसपास आली की फुटतं आणि फॉलमधल्या पहिल्या कडक दवानं, म्हणजे फ्रॉस्टनं, मरतं. म्हणून सप्टेंबरातल्या नवीन गवताशी भांडायला ते उरतच नाही. स्प्रिंगमध्ये मात्र पंचाईत होते, कारण क्रॅबग्रास रोखायचं औषध, ज्याला ते प्री-इमर्जंट म्हणतात, ते मातीत फुटणारं कुठलंही बी अडवतं, तुमचं महागाचं ब्लूग्राससुद्धा. मुलाला हे नक्की विचारा की उन्हाळ्याच्या शेवटी त्याने असं काही टाकलं होतं का. बऱ्याच तयार खतांच्या पोत्यांत ते औषध आधीच मिसळलेलं असतं, माणूस खत समजून टाकतो आणि मग बी का उगवलं नाही म्हणून महिनाभर बघत बसतो.

आता टकलाबद्दल. आधी दिवस मोजा. रायग्रास पाच ते दहा दिवसांत दिसतं, टॉल फेस्क्यूला एक ते दोन आठवडे, आणि केंटकी ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेतं, त्यामुळे मिक्स बॅग हप्त्याहप्त्याने उगवते आणि पंधराव्या दिवशी जमीन रिकामी दिसली म्हणून लोक परत खणायला जातात आणि खालचं फुटत आलेलं ब्लूग्रास मोडून ठेवतात. महिनाभर हात लावू नये. चार आठवडे होऊनही जागा उघडीच असेल तर दाताळ्याने वरची पाव इंच माती मोकळी करायची, बी टाकायचं, पायाने दाबायचं. बी मातीला चिकटलं पाहिजे, वाळलेल्या पाल्याच्या किंवा जुन्या गवताच्या थरावर पडलेलं बी म्हणजे पाखरांचा नाश्ता. एरिएटरने काढलेल्या भोकांत बी पडतं ते या कारणानेच चांगलं उगवतं. खोली पाव इंचाच्या आतच, त्याहून खाली गाडू नये. आणि डागडुजीला आता फेस्क्यू किंवा राय घ्यावं, ब्लूग्रासला वेळ उरलेला नाही. प्रमाण सांगायचं तर फेस्क्यू दर स्क्वेअर मीटरला तीस-चाळीस ग्रॅम, ब्लूग्रासचं बी बारीक असतं म्हणून दहा-पंधरा ग्रॅम पुरे. बॅगमागच्या लेबलवर उगवणक्षमता किती टक्के आणि तणाचं बी किती टक्के हे छापलेलं असतं, चित्र बघू नये, ते वाचावं.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र थांबलेलं बरं. तेव्हा टाकलेलं अर्धवट उगवतं आणि पहिल्या कडाक्यात मरतं. मग एकतर पुढच्या सप्टेंबरची वाट बघायची किंवा तिथे 'डॉर्मंट सीडिंग' करतात ते करायचं, म्हणजे नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात माती इतकी गार झाल्यावर बी टाकायचं की ते फुटणारच नाही, तसंच पडून राहील आणि स्प्रिंगमध्ये उगवेल. थोडं बी वाया जातं त्यात, पण छोट्या जागेला चालतं.

खताबद्दल न्यू जर्सीत कायदाच आहे, २०११ पासून. घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनला खत टाकायचं नाही, आणि फॉस्फरस तर माती तपासणीत कमी आढळला तरच, नवीन लॉन लावताना किंवा डागडुजी करताना तेवढी सूट आहे. रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये माती तपासून मिळते, त्याने ती करून घ्यावी, कारण तिकडची माती बऱ्याचदा आंबट असते आणि चुना किती टाकायचा ते रिपोर्टशिवाय कळत नाही. आणि झाडांची पानं! ऑक्टोबरात मेपल-ओकचा पाला पडतो त्याचा ओला थर कोवळ्या गवतावर आठवडाभर जरी बसला तरी ते खाली गुदमरतं. हळुवार ब्लोअरने उडवायचा, दाताळं जोरात ओढायचं नाही.

आता आपल्याकडे या. मगाशी चुन्याचा विषय आला तो आधी संपवते, कारण व्हिडिओ बघून चुना टाकलेली एकदोन तरी लॉनं मला दर वर्षी दिसतात. माळव्यातली काळी माती मुळातच अल्कधर्मी आहे, पीएच साडेसात-आठच्या घरात, चुनखडीचे पांढरे कंकर तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिच्यात चुना टाकला की लोह अजूनच अडकतं आणि गवत पिवळं पडतं, मग लोक म्हणतात नायट्रोजन कमी पडला आणि युरिया ओततात. आपल्याला चुना नको. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर फेरस सल्फेटची हलकी फवारणी करा, फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ठेकेदार हमखास सांगतात की वर दोन इंच रेती टाका, सगळं ठीक होतं. होत नाही. चिकणमातीत थोडी रेती मिसळली की ती तिथेच अडकून बसते, निचरा काही सुधारत नाही. रेतीपेक्षा कुजलेलं खत आणि उतार, या दोन गोष्टींवर पैसे घालवा. घरापासून बाहेर शंभर फुटाला एक-दीड फूट एवढा तरी उतार पाहिजे, दोरी आणि लेव्हल लावून बघा, डोळ्याने नको. आणि खणायचं ते वापसा आल्यावर. पाऊस पडून गेला, माती बुटाला चिकटते अशा वेळी फावडं घातलं तर ढेकळं होतात आणि ती वाळली की विटा. मूठभर माती दाबून सोडली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, त्या दिवशी काम काढा.

खताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायचा मोह होतो. जगभर सेंद्रिय शेतीवाले ज्याला 'इंदूर प्रोसेस' म्हणतात ती कंपोस्टची पद्धत आपल्या गावची. अल्बर्ट हॉवर्ड इथे १९२४ ते १९३१ इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री चालवत होते, यशवंत वाड नावाचे सहकारी बरोबर, आणि माळव्यातल्या शेतकऱ्यांकडे जे असतं त्यातूनच म्हणजे काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर घालून, ठरावीक दिवसांनी पलटून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी बसवली. ती संस्था जिथे होती त्याच आवारात पुढे कृषी महाविद्यालय झालं. मुलाला सांगा, त्याच्या तिथल्या बागवाल्यांना इंदूर हे नाव या कारणाने माहीत असायची बरीच शक्यता आहे. तुमच्या कामाचं यातलं काय, तर कच्चं शेणखत लॉनमध्ये टाकू नका. त्यातून तणाचं बी आणि हुमणी दोन्ही येतात. काळं, भुसभुशीत, वास न येणारं झालेलं खत चाळून घ्या. इंदूरात आता ओला कचरा घरीच जिरवणारे पुष्कळ आहेत, तसं घरचं असेल तर उत्तमच. हजार स्क्वेअर फुटाला वरच्या सहा इंचांत मिसळायला दीड-दोन इंचाचा थर धरा, म्हणजे सव्वाशे ते एकशे पासष्ट घनफूट होतं, अर्धी ट्रॉली वगैरे नाही, नीट हिशोब करून मागवा.

मोथा, म्हणजे ते जमिनीखाली गाठी धरणारं तण. यावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि लोक सगळ्यात कमी ऐकतात. बिजलपूर-राऊ पट्ट्यात शेतजमिनीचे प्लॉट पडलेत, त्या मातीत मोथ्याच्या गाठी एक-एक फूट खाली असतात. नुसतं उपटलं की वरचं पान हातात येतं, गाठ खालीच, आणि एकाच्या जागी तीन येतात. बी टाकायच्या आधी जागा तयार करून, सपाट करून, पाणी द्या आणि काहीही न लावता पंधरा दिवस सोडून द्या. जे तण यायचं ते येईल, ते खुरप्याने गाठीसकट काढा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा. हे दोनदा केलं तर पुढची दोन वर्षं सुखात जातात. हॅलोसल्फ्यूरॉन नावाचं औषध मोथ्यावर चालतं आणि जमलेल्या हरळीला फार त्रास देत नाही, पण नुकत्या उगवलेल्या लॉनवर ते मारू नका, आधी लॉन तीन-चारदा कापून झालेलं असू दे.

आता मुख्य प्रश्न, इथे कधी आणि काय. हरळीच्या बीला उगवायला माती अठरा-वीसच्या वर पाहिजे, दिवसाचं तापमान तीसच्या आसपास असेल तर फारच छान, आणि उगवल्यावर पसरायला साधारण दोन महिने उबदार हवा. इंदूरात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रात्री अठरा-एकोणीसच्या आसपास असतात, नोव्हेंबरात चौदाच्या घरात येतात आणि डिसेंबर-जानेवारीत दहा किंवा त्याखाली. त्यामुळे बी टाकायचं तर १० ऑक्टोबरच्या आत. दिवाळीची खूण धरू नका, ती कधी ऑक्टोबरच्या मध्याला येते कधी नोव्हेंबरच्या, तारखेवर चला. आणि तुम्हाला तर अजून मोथा काढायचाय, उतार करायचाय, म्हणजे १० तारीख गाठणं अवघडच दिसतंय मला. घाई करून अर्धवट जागेत बी टाकण्यापेक्षा हे करा: ऑक्टोबर-नोव्हेंबर जमीन तयार करण्यात घालवा, आणि फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला हरळीचं बी टाका. पाण्याची सोय नसेल तर सरळ पावसाळ्यापर्यंत थांबा. जुलैत बीपेक्षा ठोंबे चांगले, कारण एक जोरदार सर आली की बी उताराने वाहून गटारात जातं. सिलेक्शन-वन जातीची हरळी ठोंब्यांनीच लावतात, तीन-चार इंचावर एक अशी, आणि दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते.

घरी कार्य वगैरे असेल आणि आत्ताच हिरवं हवं असेल तर कार्पेट, म्हणजे मातीसकट तुकड्यांत मिळणारं तयार गवत, घ्या. ऑक्टोबरात ते अजून मूळ धरतं, नोव्हेंबरच्या मध्यानंतर नको. घेताना एक तुकडा उचलून उलटा करून बघा, मातीत तपकिरी, मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो सगळा लॉट परत पाठवा, तुम्ही मोथा पैसे देऊन विकत घेताय. मेक्सिकन दिसायला गादीसारखं असतं, लहान मुलांना लोळायला छान, पण हळू वाढतं, ज्या जागेवरून रोज स्कूटर काढायची तिथे टिकत नाही. चालणं-खेळणं असेल तर हरळीच. आणि ही हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वाच, मुलाच्या फेस्क्यूच्या लॉनमध्ये त्या घुसल्या तर तो तण म्हणून उपटत बसेल, तिथे ती डोकेदुखीच आहे.

बी घेताना 'हल्ड' म्हणजे साल काढलेलं मागा, ते आठ-दहा दिवसांत दिसतं, सालीचं बी दोन-तीन आठवडे घेतं. दर स्क्वेअर मीटरला पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे तुमच्या जागेला अर्धा ते एक किलो. बी इतकं बारीक असतं की नुसतं उधळलं तर एका जागी ढीग आणि एका जागी काहीच नाही असं होतं, म्हणून चार-पाचपट कोरड्या बारीक रेतीत मिसळा, दोन भाग करा, एक भाग उत्तर-दक्षिण चालत आणि दुसरा पूर्व-पश्चिम. मग दाताळं हलकेच उलटं फिरवा, वर चाळलेल्या खताचा अगदी पातळ पापुद्रा, आणि रोलर नसेल तर फळी ठेवून तिच्यावर उभं राहत राहत पुढे जा. बी टाकायच्या आधी मातीत सिंगल सुपर फॉस्फेट हजार फुटाला तीन किलो मिसळून घ्या, कोवळ्या मुळांना फॉस्फरस लागतो. चिमण्या-कबुतरं आणि मुंग्या बी नेतात, त्यासाठी वर जुनी सुती साडी किंवा पातळ शेडनेट अंथरा, ओलही टिकते. पहिली हिरवी छटा दिसली की त्याच दिवशी काढा, दोन दिवस उशीर झाला तर कोंब कापडातून वर येतात आणि काढताना सगळे उपटतात.

पाण्याचा हिशोब आधी करा, नंतर बी आणा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, आणि उगवण होईपर्यंत वरचा थर एकदाही कोरडा पडू द्यायचा नाही, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा. एका वेळी दोन मिलिमीटर धरलं तरी हजार फुटाला १८५ लिटरच्या आसपास होतात, तीन वेळा म्हणजे साडेपाचशे लिटर रोज. घरची टाकी हजार लिटरची असेल तर आधी काकूंना विचारून घ्या. हे दोन-अडीच आठवडेच. गवत दीड-दोन इंच झालं की उलटं करायचं, कमी वेळा आणि भरपूर, आठवड्याला एक इंच पाणी, म्हणजे साधारण २३०० लिटर, दोनदा विभागून. रोज थोडं थोडं शिंपडत राहिलं तर मुळं वरच राहतात. आणि पाणी सकाळी. रात्री ओलं राहिलेलं कोवळं गवत बुरशीने बसतं, सकाळी बघावं तर गोल गोल चट्टे.

पहिली कापणी अडीच इंचावर गेलं की, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. पातं धारदार पाहिजे, बोथट मशीन कोवळी रोपं मुळासकट ओढतं. नंतर हरळी एक-दीड इंचावर ठेवा. मुलाचं फेस्क्यू मात्र तीन-साडेतीन इंचावर ठेवायचं असतं, त्याने तुमच्यासारखं बारीक करू नये.

आंब्याखाली गवत लावू नका. हरळीला सहा तास तरी थेट ऊन लागतं, जुन्या आंब्याखाली ते मिळत नाही. मेक्सिकन थोडी सावली सोसतं, पण इतकी नाही. तिथे वेडेलिया नाहीतर ओफिओपोगॉन अशी सावलीत तगणारी झाडं लावा, किंवा फरशी टाकून बसायची जागा करा, दर वर्षी तिथे नवीन गवत लावणाऱ्यांचे पैसे मी घेत नाही.

आणि तुम्हाला थंडीत हिरवंच हवं असेल, तर रायग्रास आहे. जमलेल्या हरळीवर नोव्हेंबरच्या मध्यानंतर रायचं बी टाकतात, हरळी बारीक कापून, दाताळ्याने खरवडून, हजार फुटाला तीन-चार किलो. एप्रिलमध्ये टीव्हीवर अमेरिकेतलं ऑगस्टाचं गोल्फ लागतं ना, तिथला तो हिरवा रंगही खालच्या बर्म्युडावर फॉलमध्ये टाकलेल्या रायचाच. हे बी इथे मिळतं, मुलाकडून मागवायची गरज नाही. ऑक्टोबरात नको, रात्री उबदार असताना राय बुरशीने जातं. तुमची जागा यंदा रिकामीच राहणार आहे, तर एका हंगामापुरती नुसती रायसुद्धा टाकता येईल, माती उघडी राहणार नाही, फक्त ते पाहुणं आहे हे धरून टाका, एप्रिलमध्ये जाणार. पण मग फेब्रुवारीत हरळीचं बी तिच्यावर नको, राय ऊन आणि पाणी दोन्ही अडवतं, त्या वेळी हरळी जुलैवर ढकला. मला विचाराल तर पहिल्या वर्षी राय टाकूच नये, मोथा काढायला जमीन उघडी असलेली बरी.

पुढच्या थंडीत, म्हणजे हरळी जमल्यावर, डिसेंबरात ती फिकट-पिवळसर पडेल. पाणी दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरे आणि युरिया अजिबात नको. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री पंधराच्या वर यायला लागल्या की एकदा नेहमीपेक्षा खाली कापा, वाळलेला थर दाताळ्याने काढून टाका, हजार फुटाला एक किलो युरिया कोरड्या पानांवर सारखा पसरा आणि लगेच भरपूर पाणी द्या.